इरसी या चॅट प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये (गप्पांच्या नोंदीत) 'दोऱ्या' शब्द शोधूनही सापडत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. इथे सोलापुरात अशोक चौकाजवळ काकांचा चादरींचा कारखाना आहे, तिथे जेकार्डसाठी (मागावर नक्षी विणणारं यंत्र) चित्र तयार करायचं काम माझ्याकडे असतं. त्याबद्दल आम्ही चार-पाच जण आयआरसीच्या (इंटरनेटवरच्या लेखी गप्पांच्या) एका चॅनलवर मराठीत बोलतो. मी लिनक्सवर टीमक्समध्ये (टर्मिनल मागे चालू ठेवणारा प्रोग्रॅम) इरसी चालू ठेवतो.

गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी एका मित्राने तिथे फार मोलाची माहिती दिली होती: फुलाचं चित्र गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये इंडेक्स्ड (ठरावीक रंगांचं) करून रंग कसे कमी करायचे आणि एका पिक्सेलला एक दोरा धरून रुंदी किती घ्यायची, आकड्यांसकट. आता तसंच डिझाइन परत आलंय आणि तो मित्र महिनाभर ऑनलाइन नाही.

इरसीतल्या लास्टलॉग या शोधायच्या कमांडने काही आलं नाही. ती विंडोत साठलेल्या ओळीच बघते, आणि मध्यंतरी लाइट जाऊन मशीन बंद पडलं होतं. ऑटोलॉग (गप्पा आपोआप फाइलमध्ये साठवणं) मात्र मी सुरुवातीलाच चालू केला होता (मुळात तो बंद असतो, नवीन लोकांनी आधी तेवढं करा), त्यामुळे आयआरसीलॉग्ज फोल्डरमध्ये सगळं आहे. त्या फाइलवर ग्रेप या शब्द शोधणाऱ्या कमांडने 'दोऱ्या' शोधलं, तर फक्त माझ्याच ओळी आल्या. मग फाइल लेसमध्ये (पानापानाने वाचायच्या कमांडमध्ये) उघडून चाळत बसलो आणि मित्राची एक ओळ दिसली, 'दोर्‍याचा हिशोब रात्री टाकतो'. माझा शब्द आणि त्याचा शब्द डोळ्यांना एकच दिसतो, तरी ग्रेपला सापडत नाही! फाइल यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) आहे, ते तपासलं. हजारो ओळी हाताने किती चाळू? कृपया कोणीतरी सांगा.

प्रतिसाद:
फाइलमध्ये काही बिघाड नाही. 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. तुमच्या कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. मित्राच्या कीबोर्डवर साधा र, हलन्त, त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह, मग य. ग्रेपच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) केलं तरी ते एक होत नाहीत, म्हणून त्या वाटेला जाऊ नका. चौकटी कंस वापरून 'दो[रऱ]' शोधा. दोरा, दोरे, दोऱ्याचा, सगळं एकदम येईल. इरसीत हेच करायचं तर लास्टलॉगला रेगेक्स्पचा (अशा कंसांच्या नमुन्याने शोधायचा) पर्याय जोडा.

धागाकर्ता:
सापडलं! मनापासून आभार. हिशोब त्याने सात-आठ ओळींत तोडून लिहिला होता आणि 'दोरे' फक्त पहिल्या ओळीत होतं, म्हणून ग्रेपला सांगून पुढच्या १० ओळीही काढल्या. पूर्ण आकडेमोड मिळाली. उद्या सकाळी काकांना डिझाइन दाखवतो.