बायोस अपडेट अर्ध्यात अडकलं तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

माहीम (धागा सुरू करतोय)

गेल्या आठवड्यात आमच्या इमारतीतल्या काकूंनी मुलाचा कॉम्प्युटर भंगारवाल्याला देऊन टाकला. बायोस (कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम) अपडेट करताना बंद पडला आणि "मदरबोर्ड गेला" असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मला कळेपर्यंत हातगाडी गल्लीच्या बाहेर गेली होती. फार हळहळलो. असा बोर्ड बहुतेक वेळा गेलेला नसतोच. त्यावर नखाएवढी, आठ पायांची एक चिप असते. तिच्यातला मजकूर अर्धवट लिहिला गेलेला असतो आणि तो पुन्हा लिहिता येतो.

म्हणून हा धागा. काय चुकलं, बोर्ड परत कसा उठला, सगळं लिहा. नाही उठला तरी लिहा. दुकानांची नावं घेऊन भांडण मात्र नको.

माझा अनुभव छोटा आहे. २०१९ मध्ये रायझन ३६०० आणि बी४५० बोर्ड आणला. पंखे फिरायचे, पण स्क्रीन काळीच. बोर्डातलं बायोस त्या प्रोसेसरच्या आधीचं होतं. नवा प्रोसेसर ओळखायला नवं बायोस हवं, आणि नवं बायोस टाकायला बोर्डाच्या ओळखीचा प्रोसेसर हवा. मित्राकडून त्याचा जुना रायझन २६०० एका संध्याकाळपुरता मागून आणला, बायोस टाकलं आणि त्याच रात्री परत नेऊन दिला.

लालबाग

माझी तारीख सगळ्या मुंबईच्या लक्षात असेल. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास.

आमच्याकडे वीज जात नाही. लहानपणापासून गेलेली फारशी आठवतच नाही, त्यामुळे घरात यूपीएस नव्हता. रॅम पूर्ण वेगाने चालवली की मशीन अडकायचं आणि नव्या बायोसमध्ये त्याचा इलाज होता. मुलीचा ऑनलाइन तास अकराला होता, तेवढ्यात उरकू म्हणून बसलो. पट्टी साठ टक्क्यांच्या पुढे गेली आणि पंखा, दिवा, स्क्रीन, सगळं एकदम गप्प झालं. फ्यूज उडाला असं वाटून खिडकीतून पाहिलं, तर समोरच्या चाळीतही लोक गॅलरीत आलेले. लोकल जागच्या जागी थांबल्याच्या बातम्या आल्या तेव्हा कुठे सगळ्या मुंबईची वीज गेल्याचा अंदाज आला.

दुपारी वीज आली. बटण दाबलं. पंखे फुल स्पीडने फिरले, डिस्प्ले काही आला नाही. बोर्डावरचा सेल काढून ठेवला, पुन्हा घातला, फरक शून्य. कोविडमुळे लोकल तेव्हा अत्यावश्यक सेवेवाल्यांनाच होती, त्यामुळे लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार ग्रँट रोडला असूनही माझ्यासाठी फार लांब होता.

मग बोर्डाचं खोकं काढून पुस्तिका पहिल्यांदा नीट वाचली. एमएसआयचा बोर्ड होता, मागच्या बाजूला एक छोटं बटण होतं: फ्लॅश बायोस. वर्षभर ते कॉम्प्युटरच्या पाठीला होतं आणि मी कधी पाहिलं नव्हतं. प्रोसेसर, रॅम काहीही नसलं तरी एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या) विजेवर ते बटण पेनड्राइव्हवरची फाइल सरळ चिपमध्ये लिहितं. बायकोच्या फोनवर फाइल उतरवली, झिप सोडवली आणि पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे नाव बदलून एमएसआय डॉट रॉम केलं. ओटीजी केबलने पेनड्राइव्हवर टाकली, पेनड्राइव्ह खूण केलेल्या पोर्टमध्ये लावला, बटण दाबलं. लाल दिवा तीन-चार वेळा लुकलुकला आणि विझला. पोटात गोळा आला.

पेनड्राइव्ह ६४ जीबीचा होता आणि तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला होता. बटणाला कळतं फक्त फॅट३२. मुलीच्या शाळेचा जुना ८ जीबीचा पेनड्राइव्ह शोधला, तो आधीच फॅट३२ होता. या वेळी दिवा लुकलुकतच राहिला. मी जमिनीवर मांडी घालून त्या दिव्याकडे बघत होतो आणि मुलगी स्विचबोर्डपाशी उभी राहून कुणाला हात लावू देत नव्हती. पाचेक मिनिटांनी दिवा विझला, मशीन आपोआप बंद होऊन सुरू झालं, आणि स्क्रीनवर लोगो आला.

त्याच आठवड्यात ६०० व्हीएचा यूपीएस घेतला.

डोंबिवली पूर्व

लालबागकर, आमच्याकडे उलटं आहे. वीज जातेच, म्हणून इन्व्हर्टर घरोघरी असतो आणि लोक त्याच्या भरवशावर अपडेट करतात. पण इन्व्हर्टर बदली घेताना क्षणभर थांबतो. दिव्याला कळत नाही, कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचा स्विच असतो, तो आधी टाकून बघा. माझा भाऊ याच कारणाने एक अख्खा रविवार हातात बोर्ड घेऊन बसला होता. त्याचा गिगाबाइटचा बोर्ड ड्युअल बायोसचा होता. दुसऱ्या चिपवरून तो स्वतःच उठला.

बोरिवली

मी अकाउंट्सचं काम करते. माझं अपडेट बिघडलं नाही, नीट झालं, तरी मी अडकले. लॅपटॉप चालू झाला तो निळी स्क्रीन घेऊन: बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी किल्ली टाका. बायोस बदलल्यावर टीपीएमला (कुलपाची किल्ली सांभाळणाऱ्या चिपला) मशीन अनोळखी वाटतं आणि ते कुलूप उघडत नाही. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवसांत हे झालं. किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडली, पण त्या खात्याचा पासवर्ड आठवायला रात्रीचे दोन वाजले. आता अपडेटच्या आधी बिटलॉकर सस्पेंड करते आणि किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवते. ज्यांच्या मशीनमध्ये दुसऱ्यांचे हिशेब आहेत त्यांनी एवढं नक्की करावं.

ठाणे, नौपाडा

माझं वय सांगतो म्हणजे संदर्भ लागेल: साठ. २६ एप्रिल १९९९ ला मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. त्या दिवशी सीआयएच व्हायरस जागा झाला. आमची तीन मशीन्स सकाळी उघडलीच नाहीत. तो व्हायरस हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा आणि जमलं तर बायोसच्या चिपमध्येही कचरा भरायचा.

तेव्हा चिप सॉकेटमध्ये असायची. आम्ही त्याच मॉडेलचं एक चांगलं मशीन डॉसमध्ये सुरू केलं. मशीन एकदा उठलं की बायोसची नक्कल रॅममध्ये असते, चिपची लगेच गरज नसते. त्यामुळे मशीन चालू असतानाच चांगली चिप उचलायची, मेलेली बसवायची आणि तिच्यावर लिहायचं. चालू बोर्डावर स्क्रूड्रायव्हर लावायची भीती वाटत होती, म्हणून चांगल्या चिपखालून आधीच शिवणाचा दोरा ओवून ठेवला होता. दोन्ही टोकं धरून सरळ वर ओढलं. चिप अलगद सुटली. मुलं भोवती श्वास रोखून उभी होती. लिहायचं होतं जेमतेम १२८ केबी. तिन्ही मशीन्स संध्याकाळपर्यंत उठली. डिस्कवरचा डेटा मात्र सगळा परत आला नाही.

चेंबूर

मी स्पष्टच लिहितो. मशीन चालतंय ना, मग बायोसला हात लावू नका.

माहीम

चेंबूरकर, इतकी वर्षं माझंही हेच मत होतं. पण इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं उदाहरण बघा. व्होल्टेज वाढून ते हळूहळू खराब होत होते आणि त्यावर इलाज म्हणून नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) ऑगस्ट २०२४ पासून बायोस अपडेटमधूनच आला. झालेलं नुकसान त्याने भरून येत नाही, पुढचं टळतं. तिथे "हात लावू नका" म्हणणं महागात पडलं असतं.

लॅमिंग्टन रोड

मी इथे चिप लेव्हलचं काम करतो. रोज दोन-तीन तरी "बायोस उडालेले" बोर्ड टेबलावर येतात. कुणी घरी करणार असेल तर त्याचं नुकसान होऊ नये म्हणून लिहितोय.

सीएच३४१ए प्रोग्रामर (यूएसबीवरून चिप वाचायचं-लिहायचं छोटं यंत्र) आणि चिपला लावायची क्लिप आता सगळ्यांकडे आहे. बोर्डाची वीज काढा, लॅपटॉप असेल तर बॅटरी काढा, सेलसुद्धा. चिपच्या एका कोपऱ्यात बारीक खड्डा दिसेल, तो पहिला पाय. क्लिपची लाल तार तिथे. आधी चिपवरचा नंबर भिंगाखाली वाचा. विनबाँडच्या २५क्यू६४ मध्ये शेवटी एफव्ही असेल तर ती ३.३ व्होल्टची, एफडब्ल्यू असेल तर १.८ ची. एका अक्षराचा फरक आहे. १.८ च्या चिपला अडॅप्टरशिवाय प्रोग्रामर लावला की चिप कायमची जाऊ शकते. काही काळ्या प्रोग्रामरच्या डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, ते वेगळंच.

आणि लिहिण्याआधी वाचून घ्या. दोनदा वाचा, दोन्ही फाइली ताडून बघा. फरक आला तर क्लिप नीट बसलेली नाही. चिप उडालेली असली तरी तिच्यात बहुतेकदा लॅपटॉपचा सिरियल नंबर, विंडोजची किल्ली, कधी लॅनचा पत्ता शिल्लक असतो. कंपनीच्या साइटवरून उतरवलेली फाइल सरळ मारली की हे सगळं पुसलं जातं. इंटेलच्या मशीनमध्ये चिपमधला एमईचा (मॅनेजमेंट इंजिन, इंटेलचा आतला छोटा नियंत्रक) भाग बिघडला तर मशीन सुरू होतं आणि बरोबर अर्ध्या तासाने बंद पडतं. असे लॅपटॉप "गरम होऊन बंद होतो" म्हणून येतात. पंखे बदलून झालेले असतात, पेस्ट बदलून झालेली असते.

गिऱ्हाइकाची पहिली फाइल मी कधीच डिलीट करत नाही.

विरार

एचपीच्या लॅपटॉपवाल्यांसाठी: अपडेट चालू असताना माझ्या धाकट्याने पॉवरचं बटण दाबून धरलं. नंतर फक्त कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत होता. विंडोज आणि बी ही दोन बटणं धरून पॉवर दिली आणि तो स्वतःच रिकव्हरीत गेला. चार्जर लावलेला हवा.

भांडुप

दोन वर्षांपासून एक लॅपटॉप माळ्यावर आहे. "बोर्ड गेला" म्हणूनच ठेवला होता. हा धागा वाचून काल खाली काढला, मागचे स्क्रू सोडवले आणि आजोबांचं भिंग घेऊन बसले. चिप सापडली, बॅटरीच्या तारेखाली होती. नंबर २५क्यू१२८एफडब्ल्यू. प्रोग्रामर भावाकडे आहे, अडॅप्टर नाही. लावू का?

लॅमिंग्टन रोड

ताई, लावू नका, १.८ ची आहे. सोमवारी घेऊन या, रविवारी आमचा रस्ता बंद असतो. चार्जरही आणा, आणि चिपवर कुणी आधी काही लिहिलं असेल तर ते सांगा.

भांडुप

कुणी हात लावलेला नाही. सोमवारी येते.