बेटांवरून बघितलं तर

हवामानाच्या वाटाघाटी हा बड्या देशांचा मामला, छोट्यांना कोण विचारतो, असं म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. २०१९ साली साउथ पॅसिफिक विद्यापीठातल्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी हवामानबदलाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा ध्यास घेतला. वानुआतू या पॅसिफिक महासागरातल्या छोट्या बेटांच्या देशाने तो उचलून धरला, २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत एकमताने ठराव झाला आणि जुलै २०२५ मध्ये हेगच्या या न्यायालयाने सल्लागार मत दिलं, की हवामानाचं रक्षण हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. ते मोडलं तर भरपाईही द्यावी लागू शकते. मत बंधनकारक नाही, मान्य. पण एवढ्याशा देशाने हे घडवून आणलं!

आणि सुरक्षा म्हणजे काय, तेही तिथूनच बघा. तुवालू या पॅसिफिकमधल्याच बेटांच्या देशात पुलाका नावाचा अळूच्या जातीचा कंद लावतात, जमिनीखालच्या गोड्या पाण्याच्या थरापर्यंत खड्डे खणून. त्यात समुद्राचं खारं पाणी शिरलं की पीक हातचं जातं. म्हणूनच २०१८ च्या बोए या सुरक्षाविषयक जाहीरनाम्यात पॅसिफिकमधल्या देशांनी, ऑस्ट्रेलियासह, हवामानबदल हाच सर्वांत मोठा धोका असल्याचं लिहून ठेवलं. आपण मात्र पॅसिफिक म्हटलं की अजून चीन-अमेरिकेची आरमारंच मोजतो, याचं मला फार वाईट वाटतं.