आईला (वय ६२) लग्न न करता लिव्ह-इनमध्ये राहायचंय, दादा ऐकत नाहीये

मुग्धा_नाशिक:
नमस्कार, जरा लांबलचक लिहितेय. बाबा रेल्वेत होते, रिटायर झाल्यावर काही वर्षांनी गेले. आई नाशिकरोडच्या फ्लॅटमध्ये एकटी, मी लग्न होऊन पुण्यात आणि दादा बंगळूरला. वर्षभरापासून आईची एका काकांशी ओळख आहे, तिच्या भजनी मंडळातल्या मैत्रिणीचे भाऊ, पत्नी वारलेली, मुलगी अमेरिकेत. दिवाळीत गेले तर आईच्या ओट्यावर गोळ्यांचे दोन डबे शेजारी शेजारी ठेवलेले, सोम मंगळ बुध लिहिलेले, आणि एकावर आईच्या अक्षरात "यांच्या, जेवणाआधी". मला तेव्हाच काय ते कळलं आणि खरं सांगू का, खूप बरं वाटलं.
आता आई म्हणते आम्ही एकत्र राहतो पण लग्न नको कारण लग्न केलं की फॅमिली पेन्शन जाईल. दादा म्हणतो राहायचंय तर लग्न करा, लोक काय म्हणतील, आणि बरं लग्न करते म्हटलं की लगेच मग फ्लॅटचं काय. मावशीने वेगळंच काढलंय, देवळात जाऊन विधी करून घ्या, रजिस्टर करू नका, पेन्शन पण राहील आणि लोकांची तोंडं पण बंद. मला आईचं मन मोडायचं नाहीये, फक्त उद्या तिची फरफट होऊ नये एवढंच. कोणाला माहिती असेल तर सांगा प्लीज.

वकील_कोल्हापूर:
ताई, आधी मावशींचा सल्ला बाजूला ठेवा. हिंदू विवाह कायद्यात रीतसर विधी झाले की लग्न झालं, रजिस्ट्रेशन हा फक्त पुरावा. रजिस्टर नाही केलं म्हणून लग्न झालंच नाही असं होत नाही. जीवन प्रमाण (पेन्शनसाठी दरवर्षी द्यायचा हयातीचा दाखला) करताना पुनर्विवाह केलाय का हे विचारतात, तिथे नाही म्हटलं तर ती खोटी माहिती, उद्या कोणी तक्रार केली तर घेतलेली पेन्शन वसूल होऊ शकते. या वयात हा घोर कशाला.
पेन्शनबद्दल आई बरोबर बोलतायत. रेल्वेची फॅमिली पेन्शन विधवेला मृत्यू किंवा पुनर्विवाह यातलं जे आधी होईल तोपर्यंतच. तुम्ही दोघं भावंडं मोठी, कमावती, म्हणजे ती पुढे तुमच्याकडे पण येणार नाही, बंदच होणार.
लिव्ह-इन बेकायदेशीर नाही, सज्ञान माणसांनी एकत्र राहणं गुन्हा नाही हे सुप्रीम कोर्टाने २००६ आणि २०१० च्या निकालांत स्पष्ट सांगितलंय. नोंदणीची सक्ती उत्तराखंडात आहे, जानेवारी २०२५ पासून, आपल्याकडे तसं काही नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लग्नासारख्या नात्यातल्या बाईलाही संरक्षण आहे, म्हणजे मारहाण झाली, घराबाहेर काढलं तर दाद मागता येते. पण अट अशी की दोघंही लग्न करायला मोकळे असले पाहिजेत आणि बराच काळ नवराबायकोसारखं राहिले पाहिजेत. इथे दोघांचेही जोडीदार हयात नाहीत म्हणून आईंची बाजू भक्कम आहे. काका नुसते बायकोपासून वेगळे राहणारे, घटस्फोट न झालेले असते तर मी वेगळं सांगितलं असतं.
वारसाहक्क मात्र लिव्ह-इनमध्ये शून्य. काकांच्या घरात आई दहा वर्षं राहिल्या तरी ते गेल्यावर घर त्यांच्या मुलीचं. तसंच आईंच्या फ्लॅटमध्ये काकांना काही नाही, त्यामुळे दादांची फ्लॅटची भीती लिव्ह-इनमध्ये उरतच नाही. लग्न केलं असतं आणि आई मृत्युपत्र न करता गेल्या असत्या तर नवरा तुम्हा दोघांच्या बरोबरीने वारस झाला असता. आणि एक, बाबा मृत्युपत्र न करता गेले असतील आणि फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर असेल तर त्यात आई, तुम्ही आणि दादा असे तिघांचे सारखे हिस्से आहेत (आजी हयात असतील तर त्यांचाही), आईचा हिस्सा लग्न केल्याने जात नाही.

सुमनताई_पुणे:
मुग्धा, मी स्वतः अशी राहते गं, सिंहगड रोडला. मला यांची ओळख माधव दामलेंच्या ज्येष्ठांच्या लिव्ह-इन मंडळातून झाली. लोक काय म्हणतील ते पहिले सहा महिने म्हणतात, मग सोसायटीतल्याच बायका विचारायला येतात की आमच्या नणंदेसाठी कुणी आहे का बघ. आम्ही एक केलं, सगळा खर्च लिहून ठेवला. किराणा, लाइट, कामवाली निम्मं निम्मं, औषधं आणि मेडिक्लेम ज्याचं त्याचं, सणाला मुलं आली की त्यांचा खर्च ज्याची मुलं त्याचा. ऐकायला कोरडं वाटेल पण या वयात पैशावरून एकदा मन कडू झालं की दुरुस्त करायला वेळ कुठे असतो. आईला सांग, स्वतःचा फ्लॅट विकू नको आणि भाड्यानेसुद्धा लगेच देऊ नको. परत यायला जागा असली की बाई ताठ मानेने राहते.

सचिन_ठाणे:
मी दादाच्या जागेवर होतो म्हणून लिहितो. आई गेल्यावर माझे वडील एका बाईंबरोबर राहायचे, आम्ही मावशी म्हणायचो, लग्न केलं नव्हतं. वडिलांना पॅरालिसिसचा अटॅक आला तेव्हा मी दुबईत. मावशींनी रात्री अडीचला रिक्षाने हॉस्पिटलला नेलं, आणि तिथे फॉर्मवर पेशंटशी नातं काय यावर अडलं. मुलाला बोलवा, मुलाची सही लागेल. जी बाई वडिलांचं पथ्यपाणी रोज बघत होती ती बाहेर बाकावर आणि मी फोनवर ज्याला त्यांच्या शुगरच्या गोळीचं नावसुद्धा माहीत नव्हतं. शेवटी मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं तेव्हा ऐकलं. दादा लग्न करा म्हणतोय त्यामागे हीच भीती असेल, फक्त त्याला बोलता येत नसेल, पुरुषांना आपल्याकडे हे बोलायला शिकवतच नाहीत. त्याला भांडून विचारू नकोस, नीट विचार.
आणि आई, काका दोघांनी लिव्हिंग विल (शेवटच्या आजारात कोणते उपचार हवे-नको ते आधीच लिहून ठेवणं) करून ठेवा. सुप्रीम कोर्टाने २०१८ ला मान्यता दिली आणि २०२३ ला सोपं केलं, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर, बस. आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यायचा त्यांची नावं त्यात देता येतात. ते शेवटच्या अवस्थेतल्या उपचारांपुरतं असतं, बाकी अडीअडचणीसाठी मुलांनी एक साधं संमतीपत्र सही करून त्या घरातच ठेवायचं, फाइलमध्ये, रिपोर्टांबरोबर.

मुग्धा_नाशिक:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दादाशी बोलले, सचिनदादा म्हणाले तसंच निघालं, म्हणाला काकांना काही झालं तर त्यांची मुलगी तिकडे, सगळं आईच्या अंगावर पडणार आणि आईला काही झालं तर तिला कोण बघणार. मग काकांनीच अमेरिकेला व्हिडिओ कॉल लावला, मुलगी म्हणाली मी संमतीपत्रात आत्या आणि मुग्धा दोघींची नावं लिहून देते. आई काकांकडे राहायला जाणार, तिचा फ्लॅट बंद ठेवणार, मृत्युपत्र आधी करणार. काकांना पण त्यांच्या मृत्युपत्रात आईला त्या घरात हयात असेपर्यंत राहता येईल असं लिहायचंय, चालतं का असं?

वकील_कोल्हापूर:
चालतं, हयातीपुरता राहण्याचा हक्क देता येतो, मालकी नंतर मुलीकडे. घर काकांच्या एकट्याच्या नावावर आहे ना ते आधी बघा, त्यांच्या वारलेल्या पत्नीच्या नावाचा हिस्सा असेल तर मुलगीही वारस असेल. शब्द वकिलाकडून नीट लिहून घ्या, रजिस्टर करा, सक्तीचं नाही पण करा, डॉक्टरांचा फिटनेसचा दाखला जोडा. आणि साक्षीदार म्हणून तुम्ही किंवा दादा नको, ज्यांना काही मिळणार नाही असे दोघं घ्या, शक्यतो वयाने लहान.