बीएच्या पहिल्या वर्षाला माहिती कशी शोधायची याचा वेगळा पेपर हवा की नको?

ग्रंथपाल_कृष्णाकाठ

मी एका अनुदानित कला महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. यंदा तृतीय वर्षाचे इतिहासाचे प्रकल्प चाळताना सात वह्यांत इंग्रज अधिकारी मेकॉलेच्या तोंडचा तोच मजकूर सापडला. मी हिंदुस्थानभर फिरलो, मला एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही, वगैरे. खाली तारीख 2 फेब्रुवारी 1835, ठिकाण ब्रिटिश संसद. मेकॉले तेव्हा लंडनमध्ये नव्हताच, कलकत्त्याला होता. त्या तारखेचं त्याचं शिक्षणावरचं टिपण आजही वाचायला मिळतं आणि त्यात हा मजकूर नाही. त्यात जे आहे ते याहून झोंबणारं आहे: युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयाचं एक फडताळ हिंदुस्थान आणि अरबस्तानाच्या सगळ्या वाङ्मयाच्या तोडीचं आहे. म्हणजे मुलांनी खोटं उतरवून घेतलं आणि हाताशी असलेलं खरं सोडून दिलं.

कुठून घेतलंत, विचारलं तर सातही जणांचं उत्तर एकच, 'गूगलवरून'. ही मुलं आळशी नाहीत. गूगल म्हणजे पुस्तक नव्हे, हे त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नाही.

माझं मत स्पष्ट आहे. प्रथम वर्षाला 2 श्रेयांकांचा, म्हणजे 30 तासांचा पेपर हवा आणि तो ग्रंथपालानं शिकवावा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चार वर्षांच्या पदवी आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी 12 श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प घेता येतो. 2024-25 ला प्रवेश घेतलेली मुलं 2027-28 ला तिथं पोहोचतील. तोवर त्यांना सूची कशी पाहायची हेही माहीत नसेल, तर त्या प्रकल्पात ती लिहिणार काय?

तासिकावाला

मॅडम, तळमळ पटली, उपाय पटला नाही. एमएला 'संशोधन पद्धती' हा पेपर कित्येक वर्षं आहे. त्यात प्रश्न काय येतात? संशोधनाची व्याख्या सांगून वैशिष्ट्ये स्पष्ट करा. गृहीतकावर टीप लिहा. मुलं ते पाठ करतात, पास होतात आणि प्रबंध दुसऱ्याचा उतरवतात. तुमचा पेपर अभ्यासक्रमात आला की त्या जूनमध्ये बाजारात गाईड येईल आणि 'माहितीस्रोतांचे प्रकार' हा दहा मार्कांचा हमखास प्रश्न होईल.

मी तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत मराठी शिकवतो. एका वर्गात पटावर 120 मुलं. त्यांतल्या निम्म्यांना अग्रलेखातला एक परिच्छेद वाचून लेखक काय म्हणतो ते चार ओळींत सांगता येत नाही. ज्याला मजकूर नीट वाचता येत नाही, तो दोन मजकूर ताडून कसा पाहणार? ते 30 तास वाचनाला द्या.

मोडीवेडी

@तासिकावाला सर, वाचन आधी आणि शोध नंतर अशी पायरी माझ्या बाबतीत तरी नव्हती. शोधायला लागले म्हणून वाचायला शिकले.

एसवायला असताना आमच्या सरांनी प्रत्येकाला एक कोरं कार्ड दिलं. म्हणाले, आपल्या गावाबद्दलचं एकच विधान लिहा, ते कुठं सापडलं ते खाली लिहा आणि ज्यानं ते लिहिलं त्याला ते कुठून कळलं हेही लिहा. बस. मी सातारा जिल्ह्यातली. कार्डावर लिहिलं, गाव शिवकालीन आहे. स्रोत? ग्रामपंचायतीचा फलक. फलक लिहिणाऱ्याला कुठून कळलं? तिथंच अडकले. मग ग्रंथालयातल्या काकांनी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा 1885 चा सातारा खंड काढून दिला. त्या इंग्रजीनं घाम फोडला. एका पानाला दोन दिवस लागले, पण ते पान मी जसं वाचलं तसं पाठ्यपुस्तकाचं एकही पान कधी वाचलं नव्हतं.

आता तोच खंड मोबाईलवर मिळतो, पण शोधायला गेलं की सापडत नाही. जुन्या छपाईत गावांच्या इंग्रजी नावांतल्या अक्षरांवर तिरप्या रेघा आहेत, त्यामुळे स्कॅन केलेल्या प्रतीत साधं स्पेलिंग टाकलं तर निकाल कोरा येतो. महाबळेश्वरच्या वस्तीला तेव्हा माल्कमपेठ म्हणत, हे ठाऊक नसेल तर तोही धागा हातून निसटतो. या खाचाखोचा व्याख्या पाठ करून कळत नाहीत. शेजारी बसून कुणीतरी दाखवाव्या लागतात. त्यामुळे स्वतंत्र पेपर मलाही नको, पण ते कार्ड हवंच हवं.

फौजदार_व्हायचंय

मी स्वतः एसवायबीएला आहे. आमच्या वर्गातली बहुतेक मुलं एमपीएससीसाठी बीए करतात. सकाळी अभ्यासिका, दुपारी कॉलेज, संध्याकाळी मैदान. संशोधक कुणालाच व्हायचं नाही. मग हा भार सगळ्यांवर कशासाठी? ज्याला आवड आहे त्याला द्या.

मोडीवेडी

भाऊ, उद्या फौजदार झालास की तुझ्यासमोर रोज दोन माणसं दोन वेगळ्या हकिकती सांगत उभी राहतील. कोण कुठून बोलतोय, प्रत्यक्ष पाहिलेलं की ऐकीव, हे ताडणं म्हणजे हेच काम आहे.

सूचीकार

कुणी भाषेबद्दल बोलतच नाहीये. ही कौशल्यं शिकवायच्या ज्या स्लाइड्स फिरतात, त्या सगळ्या इंग्रजी जर्नल्स समोर ठेवून केलेल्या. मराठी वाङ्मयाच्या मुलीला त्यांचा उपयोग किती? तिचे दिवाळी अंक कुठल्याही डेटाबेसमध्ये नाहीत. तिच्या कॉलेजच्या संगणकात पुस्तकांची नावं रोमन लिपीत भरलेली असतात, त्यामुळे 'शाहू' शोधायला चार स्पेलिंगं करून पाहावी लागतात. देवनागरीत असतील तर ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ.

आणि आपलं जे आहे ते तिला कुणी दाखवत नाही. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली. ती किती बीएच्या मुलांनी हातात घेतली असेल? केतकरांचा ज्ञानकोश आणि विश्वकोश दोन्ही संकेतस्थळांवर फुकट आहेत. शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर, मराठीतले प्रबंध आहेत. 'मराठी मुलाला साधनंच नाहीत' हे रडगाणं मला मान्य नाही. साधनं विखुरलेली आहेत, एवढंच.

आता एआयचं. परवा एका विद्यार्थिनीनं ग्रामीण कथेवरच्या दहा संदर्भांची यादी आणली. लेखक खरे, प्रकाशक खरे, त्यातली सहा पुस्तकं कुणी लिहिलेलीच नाहीत. मी तिला रागावलो नाही. दोघं मिळून एकेक नाव सूचीत शोधत बसलो. सहावं सापडलं नाही तेव्हा तिचा चेहरा पडला. त्यानंतर तिनं आणलेली प्रत्येक नोंद पान क्रमांकासह होती.

ग्रंथपाल_कृष्णाकाठ

सगळं दोनदा वाचलं. तासिकावाला सर, गाईडचा मुद्दा मला खोडता येत नाही. स्वतंत्र पेपरचा आग्रह सोडते. त्याऐवजी असं करू या: प्रथम वर्षाच्या प्रत्येक विषयाच्या अंतर्गत मूल्यमापनात एक कार्ड. एक विधान, त्याचा स्रोत, त्या स्रोताचा स्रोत. इतिहासात मेकॉलेपासून सुरुवात करू, मराठीत एखाद्या लोकप्रिय ओवीपासून: ही खरंच तुकोबांची का, गाथेत आहे का?

पण एका बाबतीत मी मागे हटणार नाही. हे तास वेळापत्रकात हवेत आणि ते ग्रंथालयात व्हायला हवेत. आज मुलं आमच्याकडं येतात ती अभ्यासिकेच्या खुर्चीसाठी. जूनमध्ये एकदा 'ग्रंथालय परिचय' म्हणून रांगेनं फिरवून आणतात आणि अहवालात फोटो लागतो. ते मला पुरे झालं.

तासिकावाला

ओवी नव्हे मॅडम, तुकोबांचे अभंग. पण कल्पना चांगली आहे. 'तुका म्हणे' जोडलेल्या किती ओळी गाथेत सापडत नाहीत, हे मुलांनाच शोधू दे. जुलैत माझ्या दोन तुकड्यांवर करून बघतो.

तरी आक्षेप कायम आहे, तो लिहून ठेवतो. 120 कार्डं म्हणजे 120 स्रोत मला स्वतः उघडून पाहावे लागणार. न बघता सही केली तर मीच मुलांना शिकवीन की सगळं चालतं. मला पैसे घेतलेल्या तासाचे मिळतात, तपासण्याचे मिळत नाहीत. ज्या विभागात एकही कायम प्राध्यापक उरलेला नाही, तिथं हे करायचं कुणी? यावर प्राचार्यांना आणि विद्यापीठाला तुम्ही काय लिहिणार, ते इथं टाका. मसुदा करायला मी बसतो तुमच्याबरोबर.

ग्रंथपाल_कृष्णाकाठ

अभंग. बरोबर, चूक माझी. मसुदा रविवारी टाकते, तपासणीच्या मानधनाचा मुद्दा पहिला असेल.