उंबरठ्यापेक्षा मोरीकडे बघा
पावसाचं पाणी घरात शिरू नये म्हणून उंबरठा फूटभर उंच केला की झालं, असं काही जण म्हणतात. मुंबईत मिठी नदीकाठच्या कुर्ल्यातल्या वस्त्यांत तेवढ्याने भागत नाही. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस लागला की पाणी आधी मोरीतून उलटं वर येतं. मोरीच्या भोकात चिंध्यांचा बोळा ठासून वर वाळूची गोणी ठेवा. नुसता बोळा दाबाने उडतो. गॅस सिलिंडर भरलेला असला तरी तरंगतो, म्हणून रेग्युलेटर आधीच काढा. खरी मेख लादीकरणात, म्हणजे गल्लीत लाद्या बसवण्यात आहे: दर वेळी गल्ली काही इंच चढते, घर खड्ड्यात जातं. मग जोतं उचला, की पाणी शेजाऱ्याकडे! आणि २६ जुलै २००५सारखा, २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तर फक्त पोटमाळा कामाचा.