बेसमेंटच्या फलकावर 2.1 मीटर आणि माझी उचललेली थार

घोडबंदरवासी
परवा या फोरमवर दुसऱ्या एका सोसायटीचे सचिव असलेल्या मानपाडा_सचिव यांनी लिहिलं होतं, "ज्यांच्या गाड्या बेसमेंटमध्ये जात नाहीत त्यांनी त्या घेऊच नयेत. टायर मोठे करायचे, गाडी उचलायची आणि मग सर्व्हिस रोड अडवून उभी करायची, हा निव्वळ माज आहे." दोन दिवस गप्प बसलो. आज सविस्तर लिहितो.

माझी थार 2021 ची, हार्डटॉप. शोरूममधून निघाली तेव्हा साधारण 1.85 मीटर उंच. स्प्रिंगमध्ये दोन इंचांची लिफ्ट, म्हणजे पाच सेंटीमीटर. मूळ टायर 31 इंचांचे होते, मी 33 चे बसवले. त्याने गाडी एकच इंच वर गेली, कारण चाकाचा वाढलेला व्यास अर्धा वर आणि अर्धा खाली वाटला जातो. एकूण 1.93. छतावरचा कॅरियर कधीच काढून ठेवलाय. आमच्या रॅम्पच्या तोंडावर पिवळा फलक आहे, 2.1 मीटर. हिशोबाने सतरा सेंटीमीटर शिल्लक राहायला हवेत. तरी पहिल्याच दिवशी छत घासलं.

कारण रॅम्प संपतो आणि सपाट फरशी सुरू होते त्या मोडीवर आहे. तिथे पुढची चाकं फरशीवर असतात, मागची अजून उतारावर. गाडीचं पोट त्या मोडीवर अधांतरी असतं आणि जेवढं पोट वर, तेवढंच छतही वर. आठास एक उतार आणि थारचा 2.45 मीटर व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, धरा, मधोमध साडेसात सेंटीमीटर वाढतात. आणि नेमक्या त्या मोडीवर आडवी स्प्रिंकलरची लाइन गेलीय. तिच्याखाली टेप लावला तर 2.02 भरले. फलकावरचं माप बीमखालचं आहे. पाइप मागाहून आला, फलक तोच राहिला.

आता उरले जेमतेम दीड सेंटीमीटर. ब्रेक दाबून सोडला की स्प्रिंग तेवढी उसळतेच. म्हणून एका रविवारी छताच्या मधोमध सेंटीमीटरभर जाडीची थर्माकोलची पट्टी चिकटवली, वॉचमनकाकांना मोडीपाशी उभं केलं आणि पहिल्या गिअरमध्ये नुसत्या क्लचवर गाडी उतरवली. कर्रर्र आवाज आला. पट्टीवर पाइपच्या लाल रंगाची बारीक रेघ उमटली. ती पट्टी मी जपून ठेवलीय, कमिटीला दाखवायला.

आता सचिवसाहेबांना प्रश्न. थार रॉक्स, म्हणजे पाच दारांची मोठी थार, शोरूममधून येते तेव्हाच 1.92 मीटर उंच, व्हीलबेस 2.85. त्याच मोडीवर तिचे जवळजवळ नऊ सेंटीमीटर वाढतात, म्हणजे 2.01. एक स्क्रूही न बदललेली गाडी त्या पाइपला टेकायला आलीय. तिच्या मालकानेही माज केला का?

मानपाडा_सचिव
मोजमाप चोख केलंय, मान्य. पण रॉक्स आडून लिफ्टचं समर्थन चालणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही. 182अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड आहे. तुमची गाडी आधी रस्त्यावर कायदेशीर करा, मग बेसमेंटचं बोलू.

आणि पाइपबद्दल. तो स्प्रिंकलरचा आहे, कपडे वाळत घालायचा नव्हे. कोणाच्या गाडीसाठी तो वर घेता येत नाही. दर जानेवारी आणि जुलैला परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगविरोधी यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, घेऊन अग्निशमन दलाकडे द्यावा लागतो. उद्या एखाद्या थारने स्प्रिंकलरचं तोंड तोडलं आणि बेसमेंटमध्ये पाणी भरलं तर सह्या माझ्या आहेत. मागच्या वर्षी आमच्याकडे एका गाडीच्या कॅरियरने ड्रेनेजचा पाइप फोडला. तीन दिवस घाण पाणी लिफ्टच्या खड्ड्यात. मी स्वतः बादल्या घेऊन उभा होतो, गाडीवाले साहेब गावाला गेले होते.

गिरीभटक्या
सचिवकाका, तुमच्या बादल्यांबद्दल आदर आहे. पण 33 चे टायर सगळेच हौसेने टाकत नाहीत. आम्ही दर पावसाळ्यात मुरबाडकडच्या वाड्यांवर धान्य, वह्या पोचवतो. शेवटचे चार किलोमीटर चिखल आणि दगड. मूळ टायरवर दोनदा पोट टेकवून अडकलोय, बैल लावून बाहेर निघालो.

नौपाडेकर
वाड्यांवर वर्षातून कितीदा जाता? आणि वंदना टॉकीजपाशी पाणी साचलं की त्याच गाड्या लाट उडवत जातात, आमच्या दुकानाच्या शटरखालून पाणी आत येतं. 26 जुलै 2005 ला वडिलांची पद्मिनी गाडी याच ठाण्यात पाण्यावर तरंगताना पाहिलीय मी. त्या रात्री उंच गाडीवाला एकही थांबला नाही.

गिरीभटक्या
त्या रात्री मी सहावीत होतो, नौपाडेकर. त्याचा राग माझ्यावर काढू नका.

सुलभा_नेरूळ
उंचीवरून एवढं भांडताय, रुंदीचं कोणीच बोलत नाही. जागा 2.5 बाय 5 मीटरची. थार 1.82 रुंद, दोन्ही बाजूंना चौतीस-चौतीस सेंटीमीटर. आमच्याकडे एका बाजूला कॉलम आहे, म्हणून शेजारचे गाडी माझ्या बाजूला चिकटवून लावतात. गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यांना गाडीत बसवायला आधी गाडी बाहेर काढावी लागायची. त्यातून थारचं मागचं दार आडवं उघडतं, स्टेपनीसकट. ते उघडलं की मागून कोणी जाऊ शकत नाही.

बरं, ही जागा मला बिल्डरने विकलीय. पैसे मोजलेत, पावती आहे. आता कमिटी म्हणते पावतीला अर्थ नाही.

सेक्टरवीस_खारघर
ताई, स्टिल्ट, म्हणजे इमारतीखालची खांबांमधली जागा, असेल तर पावतीला खरंच अर्थ नाही. ऑगस्ट 2010 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दहिसरच्या एका सोसायटीचा. स्टिल्ट आणि उघडी जागा बिल्डर विकू शकत नाही, ती सोसायटीच्या सामाईक मालकीची.

सुलभा_नेरूळ
मग माझे पैसे? बिल्डर फोन उचलत नाही. 2009 मध्ये कर्ज काढून दिलेत, दादा. आणि आता कमिटी दर वर्षी चिठ्ठ्या टाकणार म्हणते.

मानपाडा_सचिव
चिठ्ठ्या टाकणं उपविधींना धरूनच आहे. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर तोच मार्ग. ज्यांच्याकडे एकही जागा नाही त्यांनी काय घोडं मारलंय?

सुलभा_नेरूळ
घोडं मारलं नाही, पण पैसेही दिले नाहीत! मी दिलेत! तुमच्या स्वतःच्या जागेवर चिठ्ठी पडली होती का कधी?

सेक्टरवीस_खारघर
सचिव, त्या रागावल्यात ते चुकीचं नाही. निकाल बरोबर आहे, पण तो येईपर्यंत ज्यांनी पैसे दिले त्यांची भरपाई कोणी करत नाही. आमच्याकडे तेच झालं. शेवटी सर्वसाधारण सभेत ठराव केला, जुने पावतीवाले जिथे आहेत तिथेच, रिकाम्या होतील त्या जागांना चिठ्ठी. कायद्याच्या चौकटीत शंभर टक्के बसतं असा माझा दावा नाही. पण दोन वर्षं मारामारी नाही.

नौपाडेकर
म्हणजे ज्याने बेकायदा विकत घेतलं त्याचीच जागा पक्की. सुंदर न्याय.

सुलभा_नेरूळ
बेकायदा विकत घेतलं हा शब्द मागे घ्या. करारावर सही करताना माझ्या बाजूला वकील बसला होता, त्यानेही काही सांगितलं नाही.

नौपाडेकर
घेतो मागे. विकणारा बेकायदा, तुम्ही नाही. पण ज्याला जागाच मिळाली नाही त्या माणसाचा विचार करा एवढंच.

घोडबंदरवासी
धागा चिठ्ठ्यांकडे गेला, पण मुद्दा तिथेच येऊन मिळतो. रेरा हा बांधकाम प्रकल्पांचा कायदा आल्यापासून नव्या प्रकल्पांत आच्छादित पार्किंग बिल्डरला विकता येतं, उघडं नाही. विकायचंच असेल तर नेमकं काय विकतोय ते लिहायला हवं की नको? एप्रिल 2024 मध्ये महारेराने, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, त्यासाठीच आदेश काढला. वाटपपत्राला आणि विक्री कराराला जोडपत्र हवं, त्यात पार्किंगचा क्रमांक, जागा, लांबी, रुंदी, उंची. बीम आडवा येतो, दार उघडत नाही, अशा तक्रारींवरूनच तो आला. सुलभाताईंच्या सासूबाई आणि माझं छत, दोघांचं दुखणं एकाच कागदावर आहे, आणि आमच्या दोघांच्याही करारात तो कागद नाही. आमचे करार जुने.

सचिवसाहेब, कलम 52 बद्दल तुम्ही बरोबर आहात. 33 चे टायर मी उतरवतोय, निर्णय झालाय. अशाच बदलांवरून विमा कंपनीने दावा नाकारलेला एक मित्र आहे, त्याच्या गाडीचं हसं झालेलं जवळून पाहिलंय. लिफ्टही काढेन. मन तयार होत नाही, तरी काढेन. पण ते काढल्यावरही मोडीवर पाइपखाली नऊ-साडेनऊ सेंटीमीटरच राहतात आणि फलक पंचवीसचा भरवसा देतो. हे तुम्ही मान्य करणार की नाही?

गिरीभटक्या
टायर उतरवू नका हो! हवा कमी करून उतरा, इंचभर गाडी खाली बसते. मी दोन वर्षं तेच करतोय.

मानपाडा_सचिव
हवा कमी करून रोज बेसमेंटमध्ये उतरणार आणि रोज सकाळी भरणार? टायरची कड कापली जाईल. पोरांनो, जरा जबाबदारीने सल्ले द्या.

सेक्टरवीस_खारघर
आमच्याकडे दोन मजली यांत्रिक पार्किंग आहे. खालच्या ताटात साधी हॅचबॅक जाते, एसयूव्ही घेतली की वरच्या माणसाचं ताट खाली उतरत नाही. ज्यांना पुढच्या काही वर्षांत मोठी गाडी घ्यायचीय त्यांनी फ्लॅट बघतानाच टेप घेऊन जा. सेल्सवाला किचनची ट्रॉली दाखवत असतो तेव्हा तुम्ही खाली बेसमेंटमध्ये जा.

सुलभा_नेरूळ
हे मात्र खरं. मी किचनचीच ट्रॉली बघत होते.

मानपाडा_सचिव
काल रात्री जेवण झाल्यावर टेप घेऊन खाली गेलो. सोबत प्लंबर होता. आमच्या सोसायटीच्या फलकावर 2.2 आहे. मोडीवर पाइपखाली 2.07, आणि एका ठिकाणी पाइप टांगणाऱ्या हँगरचा नट खाली लोंबतोय तिथे 2.04. मला सात वर्षांत हे माहीत नव्हतं. नट कापून घेतला. फलक रंगवणाऱ्याला रविवारी बोलावलंय, 2.05 लिहायला सांगितलंय आणि मोडीवर छताला दोरीने लटकणारा प्लास्टिकचा दांडा लावतोय, म्हणजे गाडी पाइपला लागायच्या आधी दांड्याला लागेल.

लिफ्ट केलेल्या गाड्यांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. घोडबंदरवासी, तुमची ती थर्माकोलची पट्टी आमच्या सभेत आणा. बिल्डरला पत्र लिहायचं झालं तर सोबत फोटो जोडू.