माशांवर पांढरे ठिपके पसरत आहेत, टँकमध्ये कोरी (तळाशी फिरणारे मिशीवाले मासे) आहेत. मीठ टाकावं का?

काचतळं
टँक ६० × ३० सेंमी, पाण्याची उंची ३० सेंमी. २ एंजल, ६ सर्पे टेट्रा, ४ अल्बिनो कोरी. तळाला बारीक खडी, थोडी व्हॅलिस्नेरिया, एक जावा फर्न. टेट्रा आठ दिवसांपूर्वी आणून थेट टँकमध्ये सोडले होते. परवा दोघांच्या शेपटीवर मिठाच्या कणाएवढे ठिपके दिसले, आज एंजलच्या परांवरही आहेत. मासे खडीला अंग घासतात. तापमान २५ अंश. दुकानातून निळं औषध मिळालंय, अजून टाकलेलं नाही. आजारी मासे वेगळे काढू का? आणि कोरींना मीठ अजिबात चालत नाही, हे खरं का?

पाणवठा
निळं औषध म्हणजे बहुधा मिथिलीन ब्लू. ते मुख्य टँकमध्ये नको. फिल्टरमधले उपयोगी जिवाणू त्याने मरतात, मग अमोनिया चढतो आणि आधीच अशक्त झालेले मासे त्यानेच दगावतात.

दोन-तीन मासे वेगळे काढूनही काही साधत नाही. तो ठिपका म्हणजे कातडीच्या आत बसलेला परजीवी, तिथे औषध पोचत नाही. वाढ पूर्ण झाली की तो सुटून खडीवर पडतो, भोवती कवच करतो आणि आतल्या आत विभागून शेकडो पिल्लं सोडतो. त्यांना दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. मीठ असो वा औषध, मार लागतो तो फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून उपचार माशावर नाही, अख्ख्या टँकवर करायचा.

तुमचं पाणी ५४ लिटर भरतं, खडी वजा जाता ५० धरा. लिटरला २ ग्रॅमप्रमाणे १०० ग्रॅम साधं खडे मीठ घ्या. त्याचे तीन भाग करा, प्रत्येक भाग टँकच्याच पाण्यात पूर्ण विरघळवून १२-१२ तासांच्या अंतराने फिल्टरच्या धारेत ओता. न विरघळलेले खडे तळाला गेले तर कोरींच्या मिशांना आणि पोटाला पोळतात, मिठाचा खरा त्रास तिथून सुरू होतो. एवढं मीठ दोन-तीन आठवडे कोरी सोसतात.

एक दिवसाआड खडी सायफनने ओढून १२ लिटर पाणी काढा. कवचं त्यातून बरीच बाहेर जातात. नव्या १२ लिटरमध्ये अँटीक्लोर (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रावण) आणि २४ ग्रॅम मीठ घाला. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरताना मात्र मीठ नाही, कारण मीठ उडून जात नाही.

खवले
मीठ किंवा हीटरला हात लावण्याआधी टॉर्चने नीट बघा. इकचे, म्हणजे या पांढऱ्या ठिपक्यांच्या आजाराचे, ठिपके सुटे आणि साधारण एकसारखे असतात. तोंडाभोवती कापसासारखा थर किंवा पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा असेल तर तो जिवाणूंचा कॉलमनारिस, आणि उष्णतेने तो झपाट्याने वाढतो. लहानमोठे, वर उठलेले, अगदी डोळ्याच्या बुबुळावरही दिसणारे ठिपके एपिस्टायलिस या दुसऱ्या सूक्ष्मजीवाचे असू शकतात, तिथेही तापमान वाढवू नका. अंगावर सोनेरी धूळ दिसली तर तो वेल्व्हेट, हा वेगळ्या परजीवीचा आजार. तुमच्या वर्णनावरून इकच वाटतो.

पाणवठा
बरोबर, तापमानाचं राहिलंच होतं. २५ अंशांना या परजीवीचं चक्र साधारण आठवड्याचं, १० अंशांना महिन्याहून लांब. तापवलं की चक्र लवकर फिरतं आणि ३० अंशांना बहुतेक वाणांची वाढच थांबते. दर १२ तासांना १ अंश चढवत ३० वर न्या. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा थर्मामीटर लावा. पाणी काढताना हीटर आधी बंद करून १५ मिनिटं थांबा, नाहीतर काच तडकते.

खवले
अल्बिनो कोरी ३० सोसतील, पेपर्ड कोरी असते तर मी २७-२८ वरच थांबलो असतो. गोल्डफिश असलेल्यांनी हे तापमान उचलू नये, त्यांना लिटरला ३ ग्रॅम मीठ बरं. आणि मॅलकाइट ग्रीन या इकवरच्या औषधाची पूर्ण मात्रा ३० अंशांच्या जोडीने कधीच नको, गरम पाण्यात त्याचा विषारीपणा वाढतो. ते वापरायचंच झालं तर फिल्टरमधला कार्बन काढा, लोच मासे आणि कोरींसाठी मात्रा निम्मी ठेवा, हातमोजे घाला.

काचतळं
बुबुळं स्वच्छ आहेत, ठिपके एकसारखे. तिसरा दिवस, मीठ पूर्ण टाकून झालंय, तापमान ३०. ठिपके मात्र वाढलेत आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतायत. मीठ जास्त झालं का?

पाणवठा
नाही. ठिपके वाढणं अपेक्षित आहे, आधी कातडीत शिरलेले परजीवी आता डोळ्यांना दिसण्याएवढे झालेत. श्वासाचं मात्र आत्ता बघा. २५ अंशांना लिटरभर पाण्यात ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला ७.६. त्यात कल्ल्यांवरही परजीवी बसलेले असतात. एअर पंप चोवीस तास चालू ठेवा, फिल्टरची धार पृष्ठभाग हलेल इतकी वर घ्या. अमोनिया तपासा, शून्याच्या वर असेल तर आजच पाव पाणी बदला. खाणं एक दिवसाआड, चिमूटभर.

सगळ्यात जास्त घोटाळा पुढे होतो. पाच-सहा दिवसांत अंग स्वच्छ दिसतं आणि लोक हीटर उतरवतात, पण खडीत कवचं शिल्लक असतात. शेवटचा ठिपका गेला त्या दिवसापासून ७ दिवस मोजा, तोवर मीठ आणि ३० अंश तसेच. नंतर साध्या पाण्याने दर तिसऱ्या दिवशी पाव भाग बदलत मीठ उतरवा.

खवले
या टँकची जाळी, सायफनची नळी आणि बादली वेगळी ठेवा. दुसरीकडे वापरायचीच असेल तर उन्हात कडकडीत वाळवून. वाळल्यावर हा परजीवी जगत नाही, ओल्या जाळीतून मात्र दुसऱ्या टँकमध्ये जातो. पुढचे नवे मासे टँकमध्ये सोडण्याआधी ३० लिटरच्या टबमध्ये, स्पंज फिल्टर लावून, ४ आठवडे ठेवा. उपयोगी जिवाणू बसावेत म्हणून तो स्पंज आधी महिनाभर याच टँकमध्ये मुरवायचा, पण हा आजार पूर्ण गेल्यावरच.